पाचवा जिन्नस

इंटरनेटवर 'सत्यवती जवस चटणी'बद्दल सात ठिकाणी चुकीची माहिती होती, आणि खुशबूने ती सातही ठिकाणं वहीत उतरवून ठेवली होती. एका ठिकाणी चटणीचा कारखाना पुण्याला होता. दुसऱ्या ठिकाणी तो दोन वर्षांपूर्वी कायमचा बंद पडला होता. खरेदीच्या एका संकेतस्थळाने पत्त्यातला 'भंडारा' हा शब्द वाचून चटणी पूजा साहित्यात, हळदीच्या शेजारी मांडली होती. तिथे एका भाविकाने 'तिखट आहे' एवढाच अभिप्राय देऊन पाचपैकी एक तारा दिला होता. यावर घरात हसून झालं होतं.

सातव्या चुकीवर कोणी हसलं नाही.

ती गुरुवारी दुपारी कळली. ग्राहकांसाठी पुडीवर छापलेला नंबर म्हणजे खुशबूचाच मोबाईल. फोन जवाहरनगरच्या क्वार्टरमधून होता. बाईचं नाव चंद्रकांता. तिच्या आठ वर्षांच्या मुलीला, रिद्धीला, शेंगदाण्याची अॅलर्जी होती. शेजारणीने वाटीत चटणी दिली, तेव्हा चंद्रकांताने आधी मोबाईलवर पाहून घेतलं. कंपनीच्याच पानावर लिहिलं होतं : 'शंभर टक्के शेंगदाणेविरहित'. मुलीने दोन घास खाल्ले. आधी ओठ सुजले, मग डोळे, मग श्वास लागेना. दीड दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली होती.

"मी भांडाले फोन नाही केला, ताई," चंद्रकांता म्हणाली होती. "मले फक्त सांगा, त्यात शेंगदाणा आहे का नाही? डॉक्टर म्हणते, नसेल तर मंग जवसाची अॅलर्जी असेल, नाही तर लसणाची. मी दोन्ही बंद केले. आता आणखी काय काय बंद करू?"

"घरी विचारून सांगते," खुशबू म्हणाली.

गभण्यांच्या घरात ती सून म्हणून आली त्याला तीन वर्षं झाली होती. पुड्या भरणं, ऑर्डरी पाठवणं आणि तक्रारी ऐकणं ही तिची कामं. चटणी भाजताना मात्र तिने कधी पाहिली नव्हती. ते काम कोंढ्याला व्हायचं, आत्याबाईंच्या घरामागच्या शेडमध्ये. म्हणून तिने नवऱ्याला, कमलेशला, सांगितलं की रविवारी आत्याबाईंना घेऊन या. सगळे बसू, आणि सातही ठिकाणची माहिती एकदाच दुरुस्त करू.

रविवारी दहा वाजता सगळे भंडाऱ्यात, खात रोडवरच्या घराच्या पुढच्या खोलीत बसले. सासरे भोजराज खुर्चीवर होते. सासू सत्यवती दारात बसून मेथी निवडत होती. भोजराजची थोरली बहीण निर्मलाबाई दिवाणावर पाय वर घेऊन बशीतला चहा फुंकत होती. कमलेश उभाच होता, कारण त्याला दर पाच मिनिटांनी नागपूरहून फोन येत होता. खुशबूने लॅपटॉप स्टुलावर ठेवला.

"पहिला रकाना, घटक," ती म्हणाली.

"चार," भोजराज म्हणाला. त्याला पुडी पाहायची गरज नव्हती. "जवस, मिरची, लसूण, मीठ. अठ्ठावीस वर्षं झाली, चारच."

खुशबूने चार लिहिले.

"पाच," निर्मलाबाई म्हणाली.

"पाच कसे, बाई?"

"चारच्या वर एक म्हणजे पाच. शेंगदाणा राह्यला."

सत्यवतीच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. कमलेशने वाजत असलेला फोन कापला.

"आत्याबाई, शेंगदाणा कधीपासून टाकून राहिल्या तुम्ही?"

"पयल्या दिवसापासून. जवस एकटा कुटला का त्याचा गोळा होते. पायलीभर जवसाले दोन ओंजळी शेंगदाणा टाका लागते. तुह्या आजीनं तसंच शिकवलं मले."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं होतं."

"कोणाले?"

निर्मलाबाईने बशी तोंडाला लावली. तिने कोणाकडेही पाहिलं नाही. भोजराज उठला आणि पंखा एक नंबरने कमी केला. खोलीत तसं फार वारं नव्हतं.

त्याला तो कागद आठवत होता. शहाण्णव साल, सोमाजीचा छापखाना. निर्मलाबाईने चौथीपर्यंतच्या अक्षरात लिहून दिलेला वहीचा कागद त्याने सोमाजीपुढे ठेवला होता. वर नाव होतं, 'निर्मलाबाईची जवस चटणी, कोंढा'. खाली पाच जिन्नस, एकाखाली एक. सोमाजी म्हणाला, "ठशात चार ओळी बसते. पाचवी टाकली का पत्ता जाईन." शेंगदाणा सगळ्यांत कमी पडायचा, म्हणून तो शेवटी लिहिलेला होता. भोजराजने तो खोडला. पत्ता महत्त्वाचा होता.

नाव त्याने नंतर खोडलं.

सोमाजीकडे बाईच्या चित्राचा ठसा तयार होता. हातात ताट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा, धनीरामदाजी, वारल्यावर निर्मलाबाई माहेरी कोंढ्याला परत आली त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती, आणि तिचं कपाळ मोकळं होतं. नव्या धंद्याच्या शुभारंभी पुडीवर विधवा बाईचं नाव कसं दिसेल, असं कोणी म्हटलं नव्हतं. सोमाजीनेही नाही. लोक म्हणतील, असं भोजराजलाच वाटलं. त्याच वैशाखात त्याचं लग्न झालं होतं, आणि नव्या नवरीचं नाव ओळीत बरोबर बसलं.

पुड्या छापून आल्यावर त्याने एक पुडी निर्मलाबाईच्या हातात दिली. तिने ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "शाई चांगली हाये," म्हणाली, आणि भट्टीकडे गेली. भोजराज तो होकार समजला आणि अठ्ठावीस वर्षं तसंच समजत आला. धुराने खोकला येतो म्हणून भट्टीच्या खोलीत तो नंतर कधी गेला नाही. पुढे ठसे गेले, कॉम्प्युटर आला, पुडी तीनदा बदलली. प्रत्येक वेळी नव्या पुडीवर जुन्या पुडीवरचंच उतरवलं गेलं.

"भोजू, पंखा बंदच कर," निर्मलाबाई म्हणाली. "चहा थंडा होऊन राह्यला."

कमलेशला या जुन्या गोष्टी माहीत नव्हत्या. त्याला वेगळीच गोष्ट माहीत होती. 'शेंगदाणेविरहित' हा शब्द त्याचा होता. चार वर्षांपूर्वी कंपनीचं पान तयार करताना त्याने मोठ्या कंपन्यांची पानं पाहिली. त्यांच्या मालात काय आहे यापेक्षा काय नाही हेच तिथे ठळक लिहिलेलं असायचं. त्याने आपली पुडी पाहिली. तिच्यावर शेंगदाणा नव्हता, म्हणून त्याने तसं लिहिलं. त्याच न्यायाने त्याला 'काजूविरहित' किंवा 'सिमेंटविरहित'ही लिहिता आलं असतं. पण शेंगदाणा लिहिला, आणि तो शब्द इतका चालला की नागपूरच्या एका मोठ्या दुकानसाखळीने त्याच शब्दासाठी चटणी मागितली. बुधवारी सह्या होणार होत्या.

"एक काम करू," तो म्हणाला. "उद्यापासून शेंगदाणा बंद. मंग इंटरनेटवर जे आहे ते आपोआप खरं होते. माहिती बदलवाची गरजच नाही. चटणी बदलवू."

भोजराजला हे पटलं. "पोरगं बरोबर म्हणून राहिलं. कोणाले दुखवाचं नाही, काही नाही."

"अन् ज्या पुड्या दुकानात गेल्या, त्याईचं काय?" सत्यवतीने विचारलं.

"त्या महिनाभरात संपते, आई."

"कोणाच्या पोटात संपते?"

कमलेश आईकडे पाहू लागला. घरात निर्णयाच्या वेळी आई बोलत नसे. आजपर्यंत ती नेहमी बाबांच्या बाजूने, म्हणजे मेथी निवडत, बसलेली असायची.

"तू कोणाच्या बाजूनं आहे?" भोजराजने तिला विचारलं.

"मी पुडीवर आहे," सत्यवती म्हणाली. "लोक मलेच विचारते. परवा बाजारात त्या मास्तरच्या घरची म्हणे, तुमच्या चटणीनं आमच्या आईले भूक लागते. आता एखादी म्हणन, तुमच्या चटणीनं माही पोट्टी गेली. तवा मी काय सांगू? ठशात जागा नव्हती म्हणून?"

भोजराज दचकला. ठशाची गोष्ट त्याने तिला कधी सांगितली नव्हती.

"मले सोमाजीच्या बायकोनं सांगतलं," सत्यवती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"अन् शेंगदाणा बंद करशीन तर करजो, कमलेश," निर्मलाबाई म्हणाली. "मंग भाजाले तूच बसजो. माह्याच्यानं खोटी चटणी होत नाई."

खुशबूपुढे रकान्यात चार जिन्नस लिहिलेले होते आणि पाचव्या जागी ती उभी रेघ उघडझाप करत होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. दोघेही जमिनीकडे पाहत होते. कोणाला विचारण्यात आता अर्थ नव्हता. तिने 'शेंगदाणा' लिहिलं. मग कंपनीच्या पानावर जाऊन 'शेंगदाणेविरहित' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी लाल अक्षरात लिहिलं : 'या चटणीत शेंगदाणा आहे. आधीची माहिती चुकीची होती.' आणि मोबाईल उचलून चंद्रकांताचा नंबर लावला. स्पीकर चालू केला.

"ताई, मी खुशबू. चटणीवाली."

"बोला."

निर्मलाबाईने हात पुढे करून मोबाईल घेतला आणि आरशासारखा तोंडासमोर धरला.

"बाई, त्या चटणीत शेंगदाणा हाये. मीच टाकते. पुडीवर लिवला नाई, ते आमची चूक. इंटरनेटवर नाई म्हणून लिवलं, तेबी आमचीच चूक. तुमच्या पोरीले जवसाचं काही नाई अन् लसणाचंबी काही नाई. डॉक्टरले तसं सांगा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तीन दिवस झाले," चंद्रकांता म्हणाली, "घरात भाजीले फोडणी नाही दिली मी. लसूण नाही, तीळ नाही, खोबरं नाही. डब्यात काय देऊ म्हणून मी रडून राहिली होती. पुडीवर कधी लिहिणार तुम्ही?"

निर्मलाबाईने मोबाईल भोजराजकडे वळवला. भोजराजने घसा साफ केला.

"उद्या," तो म्हणाला.

"मी पाहीन," चंद्रकांता म्हणाली. तिने माफ केलं की नाही ते कळलं नाही. फोन ठेवला एवढं खरं.

कमलेश बाहेर ओट्यावर गेला आणि त्याने नागपूरला स्वतःहून फोन लावला. तो काय म्हणाला ते कोणी ऐकलं नाही. आत आला तेव्हा म्हणाला, "नंतर कळवू म्हणते." मग खुशबूच्या शेजारी जमिनीवर बसला. "पुढचा रकाना वाच."

"संस्थापक," खुशबूने वाचलं. "इथं आईंचं नाव आहे. 'सत्यवती भोजराज गभणे यांनी आपल्या स्वयंपाकघरातून सुरुवात केली.' हे तरी बरोबर आहे ना?"

"खोड," सत्यवती म्हणाली.

तिने मेथी बाजूला ठेवली. हे वाक्य तिने लिहिलेलं नव्हतं, पण ते तिला आवडायचं. कमलेशने ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा तिने त्याला आणखी एकदा वाचायला लावलं होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी महिला मेळाव्यात तिला शाल आणि नारळ मिळाला होता. कल्पना कशी सुचली, असं माइकवरच्या बाईने विचारलं. सत्यवती म्हणाली, "घरच्यांची साथ होती." हे खोटं नव्हतं. चौथ्या रांगेत निर्मलाबाई बसली होती आणि टाळ्या वाजवत होती. ती शाल सत्यवतीने कधी अंगावर घेतली नाही. कपाटात वरच्या कप्प्यात होती, डांबराच्या गोळ्यांसकट.

"बाई," तिने नणंदेला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही टाळ्या काहून वाजवल्या?"

"सगळे वाजवून राह्यले होते."

"मले वाईट वाटत होतं."

"मलेबी वाटत होतं," निर्मलाबाई म्हणाली. "पण तुही साडी चांगली दिसून राह्यली होती."

सत्यवतीला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने पदर डोळ्यांना लावला. भोजराज उठून तिच्याकडे जायला निघाला आणि वाटेतच थांबला, कारण आपण कोणाकडे जायला हवं हे त्याला ठरवता येईना. बायको दारात होती आणि बहीण दिवाणावर. तो मधोमध उभा राहिला.

"बाई, मी तुमचं नाव..." तो म्हणाला.

"बस, भोजू. पडशीन."

"कोणी काही म्हणलं नव्हतं. मलेच वाटलं."

"मले मालूम हाये. कोणी म्हणलं असतं तर मी भांडली असती. तुह्यासंगं काय भांडाव? सायकलवर पोते बांधून तूच फिरत होता." तिने रिकामी बशी खाली ठेवली. "पुडीवरचं नाव राहू दे. लोकं ओळखते. पण इथं विचारून राह्यले ना, कोणं सुरू केली म्हणून? मंग विचारलं तेच सांगाव."

"पूर्ण नाव काय टाकू, आत्याबाई?" खुशबूने विचारलं.

हा प्रश्न निर्मलाबाईला अवघड गेला. रेशन कार्डावर एक नाव होतं आणि सात-बाऱ्यावर दुसरं.

"निर्मला धनीराम लिव," ती म्हणाली. "त्यानं चटणी कधी खाल्ली नाई. तिखट चालत नव्हतं त्याले. पण माणूस चांगला होता."

खुशबूने कंपनीच्या पानावर तसं लिहिलं, आणि बाकीच्या सहाही ठिकाणी माहिती पाठवून दिली.

सोमवारी सकाळी सहा उत्तरं आली होती. पुण्याचा कारखाना भंडाऱ्याला आला होता. बंद पडलेला उघडला होता. चटणी अजून पूजा साहित्यातच होती, पण विचार चालू होता. घटकांचं मात्र सगळीकडे एकच उत्तर होतं : 'आपण सुचवलेला बदल उत्पादनाच्या पुडीशी जुळत नाही.' खाली पुडीचा फोटो जोडलेला होता. चार ओळी, आणि पत्ता.

"आपल्यालेच आपला पुरावा देऊन राहिले," कमलेश म्हणाला. मग तो गावातल्या छपाईवाल्याकडे जाऊन बसला आणि अकराला चिकटपट्ट्यांचे गठ्ठे घेऊन आला. मजकूर त्यानेच लिहिला होता : 'सूचना : यात शेंगदाणा आहे.' अक्षर एवढं मोठं होतं की पट्टी लावल्यावर चित्रातल्या बाईचं ताट झाकलं जायचं. गोदामातल्या पुड्या खुशबू आणि सत्यवतीने घेतल्या. पवनी आणि साकोलीची दुकानं कमलेशने घेतली. भंडाऱ्यातली दुकानं भोजराजने मागून घेतली.

त्याने ऑटो केला. निर्मलाबाईला दुपारी कोंढ्याची एसटी धरायची होती, ती त्याच ऑटोत बसली. तसं स्टँड उलट्या दिशेला होतं.

पहिली तीन दुकानं लवकर झाली. तिथल्या लोकांनी विचारलं नाही आणि भोजराजने सांगितलं नाही. चौथं दुकान केवळरामचं होतं. केवळराम अठ्ठावीस वर्षांपासून चटणी ठेवत होता, आणि त्याला प्रत्येक गोष्ट विचारायची सवय होती.

"हे कायची पट्टी लावून राहिले, भोजराजभाऊ?"

"शेंगदाण्याची. चटणीत शेंगदाणा आहे."

"नवीन टाकला?"

"नाही. पहिल्यापासून आहे. लिहिलं नव्हतं."

केवळरामने पुडी उलटीसुलटी करून पाहिली. "काय सांगता! कोणं सांगतलं?"

"जिनं बनवली तिनं."

"वहिनींनं?" केवळरामने पुडीवरच्या बाईवर बोट ठेवलं.

भोजराजच्या हातात अर्धी सोललेली पट्टी होती. ती त्याच्या अंगठ्याला चिकटली.

"नाही," तो म्हणाला. "वहिनीनं नाही. माह्या मोठ्या बहिणीनं. चटणी तिची आहे. सुरुवातीपासून तिचीच आहे. नाव मी बदलवलं होतं."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून पाहू लागली. "मंग त्या कुठं आहे?" केवळरामने विचारलं.

भोजराजने अंगठ्यानेच बाहेर दाखवलं, पट्टीसकट. केवळराम गल्ल्यावरून उठला, चप्पल न घालता पायरीपर्यंत आला आणि ऑटोत बसलेल्या बाईला त्याने हात जोडले. निर्मलाबाईने मान बाहेर काढली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून दुकानाच्या दर्शनी फळीकडे पाहिलं. तिथे चटणीच्या पुड्यांची रांग होती आणि तिच्यावर दुपारचं ऊन सरळ पडलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "उन्हात नका ठेवत जाऊ. जवसाचं तेल बिघडते."

केवळराम आत गेला आणि पुड्या सावलीत ठेवू लागला.